खाडीपलीकडची साक्षीदार

सकाळी नऊ वाजता खाडीवरचा पूल वाहतुकीला खुला झाला आणि निवृत्त नर्सबाई कोर्टाच्या हद्दीत आल्या.

तोवर रस्ता खाडीला वळसा घालून जायचा. तेवढ्या लांबच्या साक्षीदाराला दिवाणी कोर्ट जातीनं हजर राहायला भाग पाडू शकत नव्हतं. गेल्या वर्षी कोर्टानं नेमलेला वकील घरी येऊन प्रश्न विचारून गेला. बाईंनी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर दिलं: आठवत नाही. पुलानं अंतर निम्म्यावर आणलं. लगोलग समन्स आलं.

"आई, सरकारनं तुझ्यासाठी पूल बांधला बघ," गाडी चालवताना मुलगा म्हणाला. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. तुला तर रस्ताच करून दिला."

"पुढे बघून चालव."

आठवत सगळं होतं. बाई ज्यांची शुश्रूषा करत होत्या, ते म्हातारे घड्याळजी त्या दिवशी दुपारी गेले. पुतण्यानं त्यांचे डोळे मिटले, दार लावलं आणि मृत्युपत्र काढलं. घर त्याच्या नावे, मुलीला काही नाही.

"त्यांचीच इच्छा होती, सिस्टर. उशीर तेवढा झाला."

घड्याळजींचे हात थरथरायचे, म्हणून सहीऐवजी अंगठा. शाई पुतण्यानं लावली. मनगट बाईंनी धरलं; मनगट धरायची त्यांना सवयच होती. हात आता थरथरत नव्हता. मग त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. तेव्हापासून कुणीही हात पुढे केला, की त्यांची नजर आधी अंगठ्यावर जायची. नातू चालायला शिकत होता, तेव्हा त्याला धरायला त्यांनी बोट दिलं नाही, पदर दिला.

कोर्टाच्या व्हरांड्यात घड्याळजींची मुलगी बसली होती. दावा तिचाच. तिनं सरकून जागा केली.

"या, सिस्टर. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"वकील म्हणालेत, तुमच्याशी अवाक्षरही बोलायचं नाही." ती जराशी हसली. "पण मला ते कागदाचं नाही विचारायचं. घर पोरांसाठी हवंय, मिळेल नाही तर नाही. चुलत दादा सांगतो, अंगठा देताना बाबांनी माझं नाव घेतलं. म्हणाले, तिला सांग, माझा राग गेला. बारा वर्षं बोलले नव्हते हो माझ्याशी. तुम्ही तिथंच होतात. ऐकलंत ना?"

बाईंनी तोंड उघडलं. शिपायानं पुकारा केला.

शपथ झाली. मुलीच्या वकिलानं विचारलं, "अंगठा उठवला तेव्हा घड्याळजी जिवंत होते का?"

पुतण्या खिडकीबाहेर बघत होता. मुलगी पहिल्या बाकावर मान पुढे काढून बसली होती, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.

न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग पाणी देववलं. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा पेला रिकामा होता, टंकलेखकाची बोटं कळांवर तशीच थांबलेली होती, आणि बाई पिंजऱ्यात उभ्या होत्या.