लांबात लांब साखळी

रंगाच्या कारखान्यातल्या तपासणीच्या खोलीत थोरली एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे फ्लास्क आणि बीकर विसळत होती. एकदा तिथल्या केमिस्टने गंमत म्हणून तिला विचारलं, "या तेलात ब्रोमीनच्या पाण्याचा रंग का उडाला, सांग बघू."

"दुहेरी बंध असणार, साहेब. असंपृक्त आहे ते," ती हात पुसत म्हणाली. इतकी वर्षं कान उघडे ठेवून विसळलं होतं तिने.

केमिस्ट तिच्याकडे बघतच राहिला. "कॉलेजात संध्याकाळचा वर्ग असतो, त्यात नाव घाल. पास झालीस तर तुला तपासनीस करतो."

त्या वर्गावर शिकवायला तिची धाकटी बहीण होती. थोरलीला ते माहीत होतं, आणि म्हणूनच ती हुरळून गेली.

आई गेली तेव्हा ती नववीत होती आणि धाकटी चार वर्षांची. थोरलीची शाळा सुटली ती सुटलीच. धाकटीला तिने वाढवलं, पण लाडाने नव्हे. पाढा चुकला की पट्टी, आणि स्पेलिंग चुकलं की पुढ्यातलं ताट उचललेलं. धाकटी शिकली, नोकरीला लागली, वेगळी राहायला गेली आणि हळूहळू येईनाशी झाली. कामात असेल, असं थोरली लोकांना सांगायची.

पहिल्या संध्याकाळी धाकटीने तिला तिसऱ्या बाकावर पाहिलं आणि हजेरी घेताना तिची जीभ अडखळली. तास संपल्यावर तिने थोरलीला जिन्याखाली गाठलं.

"इथे कशाला आलीस?"

"शिकायला. तुझ्यासारखं शिकवणारं दुसरं कोण आहे?"

"माझ्या घरचे सगळे शिकलेले आहेत असं सांगितलंय मी इथे. वर्गात ओळख दाखवलीस तर याद राख. मला मॅडम म्हणायचं."

"बरं, मॅडम," थोरली हसली. धाकटी हसली नाही.

पुढच्या तासाला अल्केन सुरू झाले. "सगळे एकेरी बंध, म्हणजे संपृक्त," धाकटी सांगत होती. "आम्ल घाला, अल्कली घाला, ढिम्म हलत नाहीत. यांचं जुनं नाव पॅराफिन." मग तिची नजर तिसऱ्या बाकावर गेली. "नमुना आपल्या वर्गातच आहे. काय हो, कळतंय का, पॅराफिनबाई?"

वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून थोरलीचं नाव पॅराफिनबाई पडलं.

पुढे तिला फळ्याजवळ उभं करणं हा दर तासाचा खेळ झाला. एकदा धाकटीने चार कार्बन एका ओळीत काढले, दुसऱ्याला खाली दोन कार्बनांची फांदी जोडली आणि म्हणाली, "नाव द्या."

"टू-इथाइल ब्यूटेन," थोरली चाचरत म्हणाली.

"मला वाटलंच होतं. साखळी आडवी काढली म्हणून आडवीच मोजायची? लांबात लांब साखळी शोधा, ती वाकडी गेली तरी. फांदीतून वळून मोजा, पाच होतात. थ्री-मिथाइल पेंटेन. भांडी घासणाऱ्या डोक्याला जरा जडच जातं हे." धाकटीने खडू तिच्या पायाशी टाकला. "उचला आणि दहा वेळा लिहा."

थोरलीने उचलला. लिहिताना तिच्या मनात आलं, दहा वेळा लिहायची शिक्षा हिला मीच द्यायचे.

तिने हट्टाने अभ्यास धरला. पिठाच्या गोळ्या आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन ती रोज कारखान्यातून आल्यावर रेणू बांधायची. तेच अणू वेगळ्या तऱ्हेने जोडले की समघटक; पेंटेनचे तीन झाले, हेक्झेनचे पाच. शेवटी ओल आलं तर अल्कोहोल, आल आलं तर अल्डिहाइड, ओन आलं तर कीटोन. नावावरून रचना आणि रचनेवरून नाव तिला पाण्यासारखं येऊ लागलं.

परीक्षा झाली. चौथ्या दिवशी तिला विभागप्रमुखांच्या खोलीत बोलावणं आलं. टेबलावर तिचा पेपर होता, त्यावर लाल शाईत सत्त्याण्णव. बाजूच्या खुर्चीत धाकटी बसली होती.

"मॅडमचं म्हणणं आहे की तुम्ही कॉपी केलीत," प्रमुख म्हणाले. म्हातारा माणूस होता, आवाज सौम्य होता. "मला तसं वाटत नाही. हे घ्या." त्यांनी खडू दिला आणि भिंतीवरच्या लहान फळ्यावर एक रचना काढली. "याचे क्रियात्मक गट सांगा आणि नाव द्या. जमलं तर विषय इथेच संपला."

चार कार्बन होते. टोकाला कार्बॉक्सिल, तिसऱ्यावर हायड्रॉक्सिल. आम्लाचा मान पहिला, म्हणून मोजणी त्याच्याकडून. थ्री-हायड्रॉक्सी ब्यूटेनॉइक आम्ल. थोरलीच्या ओठांवर आलंसुद्धा.

"सर, कशाला वेळ घालवता," धाकटी म्हणाली. "या बायका घोकून येतात."

"तुमची यांची आधीची काही ओळख आहे का?" प्रमुखांनी सहज विचारलं.

"छे! ओळख कसली? कोण कुठली बाई."

थोरलीने खडू टेबलावर ठेवला.

"मला येत नाही, सर," ती म्हणाली. "प्रश्नपत्रिका मॅडमनीच परीक्षेआधी घरी आणून दिली होती. माझी सख्खी धाकटी बहीण आहे ती. फॉर्मवर वडिलांचं नाव बघा, तिच्याही कागदांवर तेच सापडेल."

"ताई!" धाकटी किंचाळली. वर्षभरात पहिल्यांदाच ताई म्हणाली. "ताई, खोटं का बोलतेस? सांग ना त्यांना! येतंय तुला!"

प्रमुखांनी कपाटातून दोघींचे कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. वडिलांचं नाव दोन्हीकडे एकच होतं. ओळख नाही म्हणणाऱ्या मॅडमच्या बाकीच्या बोलण्यावर त्यानंतर कुणी विश्वास ठेवला नाही. धाकटीची नोकरी त्याच आठवड्यात गेली. थोरलीला पाच वर्षं परीक्षेला बंदी झाली. कारखान्यात ही बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. केमिस्टने तपासनिसाच्या जागी बाहेरचा माणूस घेतला, आणि थोरलीशी बोलणंच सोडलं.

महिन्याभराने धाकटी दारात आली. गालफडं बसली होती, केस कसेतरी बांधले होते.

"मला कुठेच घेत नाहीत," ती म्हणाली. "प्रमुखांना एक चिठ्ठी लिहून दे, प्रश्नपत्रिकेचं खोटं सांगितलं होतं म्हणून. तुझं आता काय जाणार आहे?"

"काही नाही."

"मग देशील?"

थोरलीने तिच्याकडे नीट पाहिलं. ताट उचललं की लहानपणी धाकटीचा चेहरा असाच व्हायचा. तेव्हा थोरलीला थोडं तरी वाईट वाटायचं. आता तिने मनात शोधून पाहिलं, तर काहीच सापडलं नाही.

"नाही," ती म्हणाली, आणि कामावर जायची वेळ झाली होती म्हणून चपला घालून, दाराला कुलूप लावून, तिच्या शेजारून जिना उतरून गेली.