अर्धा हिरवा, अर्धा निळा

मित्रांनो, मंजिरी गेल्याचा फोन इस्पितळातून आला, तेव्हा तिचा नवरा प्रल्हाद गॅरेजमध्ये माझ्यासमोर उभा होता. कोविडमुळे त्याला तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. फोन ठेवून त्याने माझ्या डब्याचं झाकण लावलं. तेव्हापासून मी बहुतेक अंधारातच असतो.

मी एक जुना भूसुरुंग आहे. घाबरू नका, मी पोकळ आहे. पाय तोडण्यासाठीच मला बनवलं होतं. पण ऑस्ट्रेलियाने सुरुंगबंदीच्या करारावर सही केली आणि साठा नष्ट केला. शिकवण्यासाठी थोडे खरे सुरुंग ठेवले. त्यांतले किती उरले, हे देशाने दरवर्षी संयुक्त राष्ट्रांना कळवायचं असतं. माझ्या पोटातली दारू काढून टाकली. मंजिरी मला मातीत पुरायची आणि सुरुंग शोधायला परदेशी जाणाऱ्यांना शिकवायची. "हळू! हा कांदा नाही उपटायचा," ती म्हणायची. सगळे हसायचे, पण हात हळू व्हायचे.

पोकळ सुरुंग निळाच हवा, म्हणजे खऱ्यांत मिसळत नाही. माझा रंग उडाला होता, खालचा हिरवा दिसू लागला होता. २०२१च्या लॉकडाउनमध्ये तिचं प्रशिक्षण केंद्र बंद झालं, म्हणून रंगवायला तिने मला सिडनीतल्या क्वेकर्स हिलच्या घरी आणलं.

"अगं, शेजाऱ्यांनी पाहिलं तर पोलीस येतील!" प्रल्हाद म्हणाला.

"येऊ देत की. तेवढंच कुणीतरी घरी येईल."

तिने माझी एक बाजू रंगवली. उचलून पाहताना ओल्या रंगात तिचा अंगठा उमटला. "असू दे. उद्या दुसरा हात देते," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला ताप आला.

पुढे लॉकडाउन उठला. केंद्रातून तिच्या सहकाऱ्याचा, अजितचा फोन आला.

"प्रल्हाददादा, घाई नाही. पण नवी बॅच कंबोडियाला निघालीय, आणि यादीत तो तुमच्याकडेच दिसतोय. पूर्ण निळा असल्याशिवाय मला घेता येत नाही."

"अंगठ्यावरूनही रंग द्यावा लागेल?"

"हो दादा. सगळीकडून."

दर रविवारी प्रल्हाद झाकण उघडतो, ब्रश हातात घेतो आणि त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बसतो. मग झाकण लावतो.

मित्रांनो, माझे खरे भाऊ अजून दूरच्या शेतांत पडून आहेत. तुमच्याएवढी मुलं तिथून शाळेत जातात. त्यांच्यासाठी मला पुन्हा मातीत जायचं आहे. ठसा गेला तरी तिने शिकवलेले हात राहतील, हे प्रल्हादला कुणीतरी सांगा.

माझी दुसरी बाजू अजून रंगवायची राहिली आहे.