वाढत्या अंगाचे डायपर

आमच्या भावजयीनं मला आयुष्यात एकच काम सांगितलं. ते मी कसं केलं ते ऐका. हसायचं तर खुशाल हसा, पण मध्ये बोलू नका, माझा धागा तुटतो.

मी शिंपीण. धाकटा भाऊ माझा भागीदार. घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान आहे. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, इस्त्री, आणि कोपऱ्यात बिनडोक्याचा एक पुतळा. धाकट्यापेक्षा तो पुतळा कामाला बरा, असं मी रागाच्या भरात म्हणते, पण ते खरं नाही. धाकट्याचा हात कात्रीवर फार सुरेख चालतो. मी माप घेते, तो कापतो, मी शिवते. भांडतो दोघंही.

भावजय म्हणजे धाकट्याची बायको. तिचं काम आमच्या अगदी उलटं. ती औषधांच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसते. गोळीच्या भुकटीत कणभर जास्त गेलं की तिचा जीव वरखाली होतो. घरात मीठसुद्धा चमचा सपाट करून घालते. मी तिला मनातल्या मनात 'काटेतोल' म्हणते. तोंडावर म्हणायची माझी छाती नाही, आणि माझी छाती नाही असं या गल्लीत दुसरं काहीच नाही.

तर या काटेतोलीनं पोटुशी असतानाच जाहीर करून टाकलं होतं, रजा संपली की बाळ पाळणाघरात.

"अगं, घरात सख्खी आत्या बसलीय धडधाकट!" मी म्हटलं.

"ताई, तुमच्या दुकानात सुया आहेत, कात्र्या आहेत, तापलेली इस्त्री आहे," ती म्हणाली, "आणि तुम्ही आहात."

 मी पुढचे चार दिवस मशीन जोरात चालवलं.

आणि मग पोरगी झाली. लवकर झाली. फार लवकर. ती तिथं काचेच्या पेटीत, आम्ही इकडे काचेबाहेर. धाकटा रोज दवाखान्यात जाऊन यायचा आणि आल्यावर कापडावर खडूनं रेघा मारत बसायचा. कशाच्या रेघा म्हणून विचारलं की पुसून टाकायचा, पण झबल्याचा बेत मला ओळखू येतो. मला त्या पोरीला मांडीवर घ्यायचं होतं. दिवसभर, रोज, मशिनीशेजारी झोळी बांधून. दुसरं काही नको होतं. पण मागायचं कुठल्या तोंडानं?

अखेर एका सकाळी भावजयीचा फोन आला. "ताई, दुपारी सोडतायत आम्हाला. डायपर आणून ठेवा. एवढं एक काम नीट करा, मग पाळणाघराचं बघू."

मग बघू! ऐकलंत? मी फोन ठेवला आणि एका गिऱ्हाइकाच्या झग्याला तीन बाह्या लावल्या असत्या, इतकी हुरळून गेले. दुकानाला कुलूप ठोकलं आणि धाकट्याला दंडाला धरून निघाले.

औषधाच्या दुकानात एक अख्खी भिंत डायपरांची. जमिनीपासून छतापर्यंत पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटावर एकेक गुबगुबीत पोर आपल्याकडे बघून हसतंय. धाकटा तर बावचळूनच गेला.

"कुठला देऊ?" दुकानदार म्हणाला.

"आधी कापड बघू," मी म्हटलं.

"कापड?"

तो पुढे काही बोलायच्या आत मी एक पाकीट फोडलं होतं. डायपर काढला, उलटा केला, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळला. पोत बरा होता. इलास्टिक ओढून सोडलं, ते सपकन बसलं. धाकट्यानं तो माझ्या हातातून घेतला, उजेडात धरला, आणि त्याचा चेहराच पडला.

"ताई, याला शिलाईच नाही गं."

"काय बोलतोस!"

"आई शप्पथ. सगळं चिकटवलंय."

आम्ही दोघांनी दुकानदाराकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो बिचारा म्हणाला, "अहो, मी नाही बनवत!" मग म्हणाला, "फोडलंत ते पाकीट मी बाजूला ठेवतो. ते राहू द्या. बाळाचं वजन सांगा, मी योग्य माप देतो."

"वजन?" मी म्हटलं. "वजनावरून कुणी कपडे घेतं का? भाजी आहे का ती?"

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. लहान पोराचं कुठलंही माप आलं, की आई म्हणतेच, "जरा वाढत्या अंगाचं शिवा हं." आणि ती म्हणाली नाही तरी आम्ही शिवतो. आमच्या हाताला ती खोडच लागलीय. माप घेताना मी बोटभर जास्त धरते. कापताना धाकटा पुन्हा बोटभर जास्त सोडतो. मी आधीच धरलंय हे त्याला ठाऊक असतं, पण हात थांबत नाही. म्हणून तर आमच्याकडचे शाळेचे सदरे पोरं पहिली दोन वर्षं गुडघ्यापर्यंत घालतात. तक्रार आजवर कुणी केली नाही.

तर मी मनाशी म्हटलं, सगळ्यात लहान पाकीट आज घेतलं तर उद्या तोकडं होणार. म्हणून त्याच्या वरचं उचललं आणि धाकट्याच्या हातात दिलं. मी पैसे काढायला वळले. त्यानं ते पाहिलं आणि, वाढत्या अंगाचं हवं म्हणून, ठेवून देऊन त्याच्या वरचं घेतलं. मी परत आले, मला काय माहीत त्यानं बदललंय! मी म्हटलं, एवढीशी पोर, आता भराभर बाळसं धरेल. आणखी एक वरचं घेतलं.

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "अजून एक मोठं घेऊ या का?"

त्याचा आवाज कसनुसा होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर आम्ही दोघंही तिथंच, त्या हसऱ्या पोरांसमोर रडलो असतो. "घे," मी म्हटलं. "चांगलं मोठं घे, दोन पाकिटं घे."

दुकानदार म्हणाला, "अहो, हा डायपर आहे, शाळेचा गणवेश नाही!"

"तुमचं कपाट तुम्ही सांभाळा, आमचं माप आम्ही सांभाळतो," असं म्हणून मी बाहेर पडले. आमच्या पाकिटावरचं पोर चेंडूला लाथ मारत होतं. मला वाटलं, कौतुकानं छापलं असेल.

दुपारी गाडी दारात आली. भावजय उतरली, एका हातानं पोटाचे टाके धरून आणि दुसऱ्या हातात ते गाठोडं. गाठोड्यात पोर शोधावी लागत होती. नाक म्हणजे शर्टाचं बटण. मी कुशीत घ्यायला हात पुढे केले, तर भावजय म्हणाली, "आधी बदलायला हवं. आणलेत ना डायपर?"

"आणले म्हणजे काय! दोन पाकिटं!"

मी ऐटीत पाकीट समोर ठेवलं. एक डायपर काढून पलंगावर पसरला. त्यावर भावजयीनं पोरीला अलगद ठेवलं. आणि मग आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, इथं नाकच दिसेना. पुढची पट्टी वर घेतली तर हनुवटीला लागली. बगलेतून गुंडाळून मागे नेली तर डायपर दोनदा फिरला. एका पायाच्या भोकातून दोन्ही पाय बाहेर आले, आणि दुसरं भोक रिकामं राहिलं.

"ताई, हे काय आहे?"

"जरा वाढत्या अंगाचे आहेत," मी म्हटलं.

 भावजय पोरीला परत दुपट्यात गुंडाळायला लागली. धाकटा भिंतीला टेकला. आणि मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "म्हणूनच मी पाळणाघर म्हणत होते."

 गेलं! झोळी गेली, मांडी गेली, सगळं गेलं. पण मी कुणाची मुलगी? "दहा मिनिटं थांब," मी म्हटलं. "असा बेतून आणते की मूळ कंपनी बघत राहील." आणि डायपर घेऊन दुकानात पळाले. धाकटा माझ्यामागे.

हात दाखवून अवलक्षण ते हेच. मी डायपर टेबलावर आडवा घातला, खडूनं खूण केली, धाकट्यानं कात्री चालवली, आणि आतून साखरेसारखे दाणे भुरुभुरु सांडायला लागले. टेबलावर, मशिनीत, माझ्या मांडीवर. "राहू दे, टीप मारली की बंद होईल," म्हणून मी तो मशिनीखाली सरकवला. सुई जिथं जिथं गेली तिथून नवे दाणे. मशीन खर्रर्र करून अडकलं.

"पुस रे ते आधी!" मी ओरडले.

धाकट्यानं इस्त्रीचं ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. दाणे फुगले. तो आणखी जोरात पुसायला लागला. ते आणखी फुगले. साखरेचे साबुदाणे झाले, साबुदाण्याचा चिखल झाला. "ताई, हे वाढतंय गं!" म्हणून तो मागे सरकला, आणि त्याच्या कोपराचा धक्का इस्त्रीच्या पाण्याच्या भांड्याला लागला. अख्खं भांडं टेबलावर! आणि टेबलावर ते उघडं पाकीटही होतं, मी घाईत उचलून आणलेलं.

देवा रे देवा! डायपर प्यायला लागले. एकेक जण टम्म फुगून बसला, घरजावयांची पंगतच जणू. एक टेबलावरून घरंगळला आणि थप्पदिशी धाकट्याच्या पायावर पडला. "मेलो!" तो किंचाळला. मी त्याला मारायला एक उचलला, तो इतका जड की माझाच तोल गेला आणि मी त्या लिबलिबाटात बसले. केसांत लिबलिबाट, बाहीत लिबलिबाट. पुतळ्याच्या खांद्यावर एक डायपर जाऊन बसला होता, तो कसा गेला ते अजून कळलेलं नाही.

आणि दारात भावजय उभी. कुशीत पोर.

मी डोळेच मिटले. म्हटलं, आता ऐका. पण आवाज आला तो भलताच. उघडून बघते तर भावजय चौकट धरून थरथरतेय, एक हात टाक्यांवर, आणि तोंडातून नुसतं, "हसवू नका... ताई, हसवू नका हो... टाके..." हसत होती! दवाखान्यात गेल्यापासून ती हसल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. तिचं बघून धाकटा हसला, मला तर बसल्या जागेवरून उठताच येईना, इतकी हसले. हसता हसता भावजयीचं कधी रडं झालं ते कुणालाच कळलं नाही. ती खुर्चीत बसली.

"ताई," ती म्हणाली, "तिथं रोज सकाळी मला हिचं वजन सांगायचे. मी अख्खा जन्म वजनं केली, पण तेवढं ऐकायला नको वाटायचं. मी हिच्यासाठी काही म्हणजे काही घेतलं नाही. झबलंसुद्धा नाही. मला उद्याचं बोलायचीच भीती वाटायची. आणि तुम्ही दोघांनी ही चालायला लागल्यावरचे आणलेत." तिनं नाक पुसलं. "तुम्हाला भीती नाही वाटली?"

खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "वाटली ना," मी म्हटलं. "इतकी वाटली की एकेक माप वाढवतच गेलो."

धाकट्यानं तोंड फिरवलं. भावजयीनं त्याच्याकडे बघितलं, मग त्याला जवळ बोलावून त्याच्या तळहातावर पेनानं माप लिहिलं. "सगळ्यात लहान. याच्या वरचं आणलंस तर घरात येऊ नकोस." या वेळी त्याला एकट्यालाच पाठवला. दोघं गेलो असतो तर काही खरं नव्हतं.

तो गेल्यावर खोलीत आम्ही तिघीच राहिलो. मी उठून हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. भावजय बघत होती.

"पाळणाघराच्या बाईंना नको म्हणून कळवते मी," ती म्हणाली. "तुम्ही कळवू नका. तुम्ही भांडाल."

मी हात तिसऱ्यांदा धुऊन आले.  मग तिनं दुपट्यासकट पोर माझ्या हातांत दिली. केवढीशी ती. दोन तळहातांत मावून वर जागा उरत होती. ओल्या साडीनं, केसांत तो चिकट गोळा घेऊन, मी तिला छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी वाकले.

"वाढ गं भवाने," मी म्हटलं. "एक पाकीट अजून कोरडं आहे."