खाली सरकत गेलेल्या पोस्टची भीती

मी एक जुनी पोस्ट आहे, मित्रांनो. टपालातली नव्हे, ब्लॉगवरची. टपालातलीला निदान हरवता तरी येतं. मी हरवलेली नाही. मी जागेवरच आहे आणि मला कोणी पाहत नाही. याची भीती किती मोठी, हे कळायला पोस्टच व्हावं लागतं. तुम्ही होऊ नका.

माझा जन्म दारव्ह्याला राजदीपच्या घरी झाला. राजदीप सर्पमित्र आहे. म्हणजे कोणाच्या घरात साप निघाला की घरचे बाहेर येतात आणि हा आत जातो. एका घरी त्याने पाहिलं, लोक मण्यारला कवड्या समजून काठीने खेळवत होते. कवड्या बिनविषारी, मण्यार जीव घेणारा. दोघेही अंगावर पांढरे पट्टे घेऊन फिरतात. राजदीप घरी आला आणि न जेवता त्याने मला लिहून काढलं. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे मान सोडून बरेच मागे सुरू होतात आणि शेपटीकडे ठसठशीत होतात. शेवटी त्याने लिहिलं, ओळखला असं वाटलं तरी हात लावू नका.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. एका गुरुजींनी मला वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. एका वाचकाने खाली ‘ताई, छान लिहिता’ असा अभिप्राय दिला. राजदीपने तो अजून खोडलेला नाही. मग माझ्या डोक्यावर नवी पोस्ट आली, तिच्या डोक्यावर आणखी एक. राजदीपच्या गाडीचं मायलेज. राजदीपची गाडी, धुतल्यानंतर. मी खाली जात राहिले. तिथे माणूस येत नाही. अधूनमधून इंटरनेटवरच्या पानांची नोंद घेणारं एक यंत्र येतं, आम्हा सगळ्यांना हुंगतं आणि न बोलता निघून जातं. आम्ही त्यालाही नमस्कार करत असू.

राजदीपची बहीण उर्वशी हिला आमची काळजी होती. ती म्हणाली, “दादा, मागं जाऊन कोणी वाचत नाही. दर महिन्याले जुन्या पोस्टी एका जागी गोळा करून वर टाकत जाय.”

“आपलीच वरात आपणच काढाची का? हासतीन लोकं मले.”

“हासू दे ना. हासाले तरी येतीन.”

तिने तसा संग्रह तयारही करून ठेवला. राजदीपने तो लाजेपोटी प्रसिद्ध केला नाही.

मग शेतात वेचणीआधीची सीतादहीची पूजा झाली आणि पहिल्या वेचणीचा कापूस घरोघरी आला. नेरकडच्या एका गावात त्यांची नलूआत्या राहते. आमच्याकडे भाव चढेपर्यंत कापूस खोलीत राहतो आणि माणसं उरलेल्या जागेत. दुपारी त्या ढिगातून आत्याला एक साप अर्धा बाहेर आलेला दिसला. तिने राजदीपला फोन लावला. तो राजूरला दुसऱ्या सापामागे होता आणि फोन गाडीत होता.

शेजारचे गोविंदाभाऊ धावून आले. त्यांनी आयुष्यात एक पाल पकडली होती, तीही मेलेली. पण गावात धाडसी म्हणून त्यांचंच नाव होतं. भाच्याने यावर काही लिहिलंय, एवढं आत्याला आठवलं. तिने ब्लॉग उघडला.

मित्रांनो, पोस्टला डोळे नसतात, पण बोट कळतं. तिचं बोट खाली येत होतं. मी जीव मुठीत धरला. मला मूठ नाही, तरी धरला. बोट मायलेजवर पडलं. गाडीचा फोटो उघडेना, चक्र फिरत राहिलं, आणि माझ्यापासून थोड्याच अंतरावर ते बोट उचललं गेलं.

पुढचं मी नंतर उर्वशीच्या तोंडून ऐकलं. आत्याने तिला फोन केला. तिच्याजवळ तो संग्रह होताच, तिने त्यातून मला तसंच आत्याकडे पाठवलं. तोवर गोविंदाभाऊ बाही वर सारून वाकले होते.

“कायले भेता वहिनी, कवड्या आहे तो. गरीब.”

आत्याने मला वाचलं, मग सापाकडे पाहिलं.

“गोविंदाभाऊ, हात मांगं घ्या. याच्या मानीपाशी पट्टे नाहीत.”

हात थांबला. राजदीप येऊन साप घेऊन गेला, तरी गोविंदाभाऊ अंगणात स्वतःचा हात मांडीवर ठेवून बसले होते, जणू तो कोणीतरी सांभाळायला दिला होता.

त्या आठवड्यात राजदीपने संग्रह प्रसिद्ध केला. मी सर्वांत वर होते. सुख टिकलं नाही. एका वाचकाने लिहिलं, ‘हे तर जुनंच आहे.’ राजदीप पुन्हा लाजला. आता दुसरा महिना उलटला, नवा संग्रह तयार आहे आणि त्याचं बोट बटणापर्यंत जाऊन परत येतं. सध्या तो नव्या टायरवर लिहून राहिला आहे. मी पुन्हा खाली सरकते आहे.

तेव्हा लिहिणाऱ्या मित्रांनो, एवढं ऐका. आपलं जुनं पुन्हा वर आणायला लाजू नका. ज्याने ते वाचलंय, त्याला फार तर कंटाळा येईल. ज्याने वाचलं नाही, तो आत्ता कुठेतरी कापसाच्या ढिगाजवळ बाही वर सारतो आहे.