तिरके पोपट

कापडावरच्या पोपटांची रांग आडव्या सुताला समांतर नव्हती. मी कडेजवळचं एक सूत ओढून काढलं. त्याच्या रेघेवर पहिल्या पोपटाचे पाय होते आणि वीतभर पुढच्या पोपटाचं पोट. म्हणजे कापड विणलं होतं सरळ, छापलं होतं तिरकं. बोईसरच्या कुठल्याशा छपाई कारखान्याने हा वाया गेलेला माल आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या महिला मंडळाला फुकट दिला होता, आणि फुकटच्या वस्तूत खोट शोधायची मंडळाची पद्धत नव्हती.

त्या कापडाची आनंदमेळ्याच्या सोडतीसाठी गोधडी शिवायची होती. शिकवणार शैलाताई. त्यांना गोधडी येत होती असं नाही. त्यांचे यजमान माझ्या नवऱ्याचे साहेब होते.

"प्रत्येक चौकोनाच्या मधोमध एक पोपट. आणि ताठ बसलेला हवा," पुठ्ठ्याचा साचा उंचावत त्या म्हणाल्या.

"ताई, साचा सुताला धरून ठेवायला हवा," मी म्हटलं. "पोपटाला धरून कापलं तर कडा तिरप्या येतील. शिवताना ताणल्या जातील."

"उषा, गोधडी आहे ही. तुझी प्रयोगशाळा नव्हे."

"एमेस्सीला पोपट नव्हते वाटतं," पिंगळेबाई म्हणाल्या. शैलाताई हसल्या, मग सगळ्याजणी हसल्या. ताई थांबल्यावर थांबल्या. त्या खोलीत एवढंच काम नीट होत असे.

प्रयोगशाळेचा टोमणा उगाच नव्हता. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात मला केमिस्टची जागा मिळत होती. दिवाळीपासून मी तिथल्या मॅनेजरना "कळवते" म्हणत होते. आता त्यांनी निरोप पाठवला होता: सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरं कुणी घेतो. माझा नवरा नरहरी या नोकरीला "नाही" म्हणत नसे. "बघू" म्हणे. नाही म्हणायला लागतो तेवढा कणाही तो खर्च करत नसे. "तू मंडळात दिसली नाहीस तर साहेब विचारतील," हे त्याचं कारण. ड्यूटीवर अख्खं टर्बाइन सांभाळणारा हा माणूस घरी आला की साहेबांच्या बायकोच्या भुवया सांभाळत असे. शिवाय नोकरीची गोष्ट त्यानेच साहेबांच्या कानावर घातली होती, सल्ला म्हणून.

बाकीच्यांनी पोपटाला धरून कापलं, मी सुताला धरून. शनिवारी चौकोन जोडून पट्ट्या तयार झाल्या. त्यांच्या पट्ट्या मशीनखाली ताणल्या जाऊन भाजलेल्या पापडासारख्या फुगल्या होत्या. एकीची लांबी दुसरीशी जुळत नव्हती. माझी सपाट पडली. पोपट मात्र तिच्यात कलंडलेले होते. नरहरी मला न्यायला स्कूटर घेऊन आला होता आणि चपला काढून दारातच उभा होता.

शैलाताईंनी पट्ट्या सतरंजीवर पसरल्या. फुगवट्यांवरून त्यांची नजर सरळ पुढे गेली.

"ही कुणाची? यातले पोपट काय पिऊन आलेत?"

"माझी. पण ती जमिनीला टेकलीय, ताई. बाकीच्यांच्या खाली हात जातोय."

"इस्त्री केली की बसतील त्या."

"पाणी लागलं की पुन्हा उठतील."

"ते जिला सोडत लागेल ती बघेल," पिंगळेबाईंनी निकाल दिला. आमच्या मंडळाचं सगळं धोरण त्या एका वाक्यात आलं होतं.

शैलाताई दाराकडे वळल्या. "काय हो नरहरी, घरीही अशीच वाद घालते का ही?"

"नाही हो ताई," नरहरी घाईघाईने म्हणाला. "घरी बोलतच नाही."

"मग इथे कशाला तोंड सुटतं? उषा, सोमवारी दुपारी ये. ही पट्टी उसवायची आणि माझ्यासमोर नवे चौकोन कापायचे. साचा मी धरीन."

"येईल की, ताई," नरहरी म्हणाला. "सोमवारी तिला काय काम आहे? घरीच तर असते." आणि तो हसला. अगदी पिंगळेबाईंसारखा, आधी शैलाताईंचा चेहरा बघून.

मी कात्री टेबलावर ठेवली.

"सोमवारी मी येणार नाही, ताई."

"अगं," नरहरी म्हणाला, "ते आपण बघू म्हटलं होतं ना..."

"अहो, तुम्ही म्हटलं होतं. मी बोईसरची नोकरी घेतेय. सोमवारी सकाळी कामावर हजर होणार आहे."