रजिस्टरकाकांची निवृत्ती, आवृत्ती दुसरी

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एकेकाळी हजेरीचं रजिस्टर सांभाळणारे आमचे रजिस्टरकाका सन्मानाने सेवानिवृत्त झाले. तीन अकराला ते झालेच नव्हते, असं आता सर्वांनी समजायचं आहे. मी समजलोय. काका अजून समजताहेत.

आमच्या कार्यालयात कागद चालत नाहीत, प्रक्रिया चालतात. रजा, बदली, पंख्याची दुरुस्ती, काहीही असो. अर्ज भरला की सर्व्हरवर त्याचं एक प्रकरण जन्माला येतं आणि सह्या गोळा करत आपलं आपण फिरतं. अडलेली प्रकरणं पुढे ढकलायला मी आहे. आई विचारते, "तू तिथे नक्की करतोस काय?" मी म्हणतो, "ढकलतो." ती म्हणते, "ते दिसतंच आहे."

काकांचं प्रकरण चौथ्या पायरीवर अडलं होतं: 'खुर्ची जमा केली'. त्यावर भांडारप्रमुखाची सही हवी. ते पदच गेल्या वर्षी रद्द झालं. सर्व्हर मात्र त्या नसलेल्या माणसाला दर तासाला नम्र स्मरणपत्र पाठवत होता. एवढ्या नम्रतेने आमच्याकडे असलेल्या माणसांशीही कुणी बोलत नाही.

"काहीतरी कर रे बाबा," काका म्हणाले. "लेकीला जुळं झालंय. काकू तुझी महिनाभर तिकडे. मी उद्याचं तिकीट काढून बसलोय."

"रद्द करून नवा अर्ज भरू?"

"आणि?"

"तीन महिन्यांची पूर्वसूचना."

"तोवर मी माझ्याच हातच्या स्वयंपाकाने जाईन. दुसरं बघ."

दुसरं होतं. निवृत्तीच्या प्रक्रियेची नवी आवृत्ती मीच मंगळवारी सर्व्हरवर चढवली होती. तिच्यात खुर्चीची पायरीच नव्हती. नवी आवृत्ती नव्या अर्जांना लागते. चालू प्रकरणं जुन्याच वाटेने मरतात. पण माझ्याकडे 'चालू प्रकरण नव्या आवृत्तीत हलवा' असं एक बटण आहे. मी ते दाबलं. प्रकरण एका दमात शेवटपर्यंत पळालं. पत्र निघालं. काकांनी मला मिठी मारली. मिठी सुटायच्या आत दुसरं पत्र आलं: 'वय तपासले. निवृत्तीचे वय साठ. आधीचे पत्र निघाले नाही असे समजावे. प्रकरण प्रतीक्षेत: दोन वर्षे.'

जुन्या आवृत्तीत वय अठ्ठावन्न होतं. चढवण्याआधी नवी आवृत्ती वाचायचीही असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"परत मागे हलव," काका म्हणाले. आवाज अगदी शांत होता. मला शिव्या चालल्या असत्या.

"मागे हलवायचं बटण नाहीये, काका."

आम्ही मॅडमकडे गेलो. मॅडम आमच्या विभागप्रमुख. त्यांनी दोन्ही पत्रं वाचली आणि पहिलं उलटं ठेवलं.

"सर्व्हर चुकत नाही," त्या म्हणाल्या.

"मी चुकलो, मॅडम."

"असं लिहून देऊ नकोस. चौकशीची प्रक्रिया सुरू होईल. ती अडली की ढकलणार कोण?"

"मीच."

"मग? आणि काका, लोक मुदतवाढीसाठी पाया पडतात हो. तुम्हाला घरबसल्या मिळाली."

"घरी बसू कुठे देताय?" काका म्हणाले.

शेवटी 'इतर' नावाचा एक अर्ज सापडला. तो कुणाकडेच जात नाही; प्रक्रिया आखणाऱ्याने 'पुढचं टेबल' हा रकाना भरलाच नाही. पण तो स्वीकारला जातो आणि पोच मिळते. काकांनी सांगितलं, मी टंकलं:

'सविनय सादर की, अर्जदाराचे वय कार्यालयीन चुकीच्या प्रमाणात, म्हणजे दोन वर्षांनी, तात्काळ वाढवून मिळावे. ते शक्य नसल्यास, अर्जदार प्रत्यक्ष हजर होईपर्यंत त्याच्या दोन्ही नातवंडांच्या रांगणे, दात येणे व पहिला शब्द बोलणे या प्रक्रियांस स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती.'