वाकड्या पाळीचा कान

घरात थोरली जाऊ आणि प्रयोगशाळेत साहेब, ही दोन्ही एकच बाई असली की माणसानं गाऱ्हाणं सांगायचं तरी कुणाला? धाकटीला हा प्रश्न गेले तीन महिने छळत होता.

जिवंत पेशी जेलमध्ये मिसळायच्या आणि यंत्रानं थरावर थर देत माणसाचा कान छापायचा, हे त्यांचं काम. जेल पातळ ठेवलं तर पेशी सुखात, पण कान ताटलीत पसरायचा. घट्ट केलं तर कान ऐटीत उभा, पण बारीक सुईतून दाबानं बाहेर पडताना निम्म्याहून जास्त पेशी चिरडून मरायच्या.

"अगं, घट्टच घे," थोरली म्हणाली. "सोमवारी सर्जन बघायला येताहेत. कान कानासारखा दिसायला नको?"

"ताई, मढं नटवून काय मिळणार? दुसऱ्या दिवशी शंभरातल्या चाळीसच जगतात. चारदा दाखवलं तुम्हाला."

"तुझं हे नेहमीचंच. जेवतानाही तेच पुराण."

पालथ्या घड्यावर पाणी! धाकटीनं रागारागात जाड सुई लावली, पातळ जेल घेतलं आणि थंड जिलेटिनच्या लगद्यातच कान छापायला घेतला. लगद्यात कॅल्शियम घातलं होतं. त्यानं जेल आळेपर्यंत लगदा कानाला चहूबाजूंनी धरून ठेवील, मग ऊब दिली की वितळून जाईल, असा तिचा बेत.

पहिला कान लगद्याबरोबरच वाहून गेला. दुसऱ्याचे दोन तुकडे झाले. तिसऱ्या वेळी सुई तुंबली, तेव्हा तिनं यंत्राचा असा उद्धार केला की शेजारच्या खोलीतल्या तंत्रज्ञानं गुपचूप दार लावून घेतलं. चौथा टिकला. पाळी वाकडी, कडा खडबडीत, पण उभा.

दुसऱ्या दिवशी थोरली सूक्ष्मदर्शकावर वाकली. तपासणीचा रंग घातला की जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. समोर सगळं हिरवंगार होतं.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"नीट मोजलंस?"

"ताई!"

थोरली सरळ उभी राहिली. "सोमवारी हाच दाखवू. घट्ट जेलचे सगळे टाकून दे. माझंच चुकलं." दारापर्यंत जाऊन ती वळली. "पाळी तेवढी सरळ कर गं."

धाकटीनं डोळे मिटले, मनात दहापर्यंत आकडे म्हटले आणि पाचव्या कानासाठी सुई धुवायला घेतली.